फळावरचा हक्क

रोपे आणि ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीचे शंभर शेअर ज्याच्या डिमॅट खात्यात आहेत, तो माणूस नेमका कशाचा धनी असतो? जळगावात हा प्रश्न पुस्तकी नाही. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी उभ्या केलेल्या जैन इरिगेशनची टिश्यू कल्चर केळीची रोपे याच जिल्ह्यातल्या मळ्यांत लागतात, आणि त्याच कंपनीच्या शेअरचा भाव रोज बघणारे लोक मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांतही असतात. एकाच रोपाकडे शेतकरी घडाच्या आशेने बघतो, गुंतवणूकदार भावाच्या. या दोन आशा एकाच जातीच्या आहेत का, आणि दुसरीला नैतिक पाया आहे का, हे तपासण्यासारखे आहे.

कायद्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने बच्चा गझदर खटल्यात दिले. खटला लढणाऱ्या बच्चा गझदर या बाईंकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. अशा कंपनीच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा मानला जाई आणि त्यावर आयकर लागत नसे. तेव्हा आपल्या लाभांशाचाही तेवढा हिस्सा शेतीचेच उत्पन्न धरावा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. कंपनीची जमीन, झाडे, यंत्रे ही कंपनीची. भागधारकाचा हक्क फक्त वाटल्या गेलेल्या नफ्यावर, आणि कंपनी मोडीत निघाली तर सगळी देणी भागवून जे उरेल त्यावर. म्हणजे चहाच्या मळ्याचा शेअर घेऊन कोणी मळेवाला होत नाही आणि रोपवाटिकेचा शेअर घेऊन कोणी माळी होत नाही. धनी म्हणावे तर एका पानावरही सत्ता नाही, परका म्हणावे तर नुकसानीत पहिला घाव त्याच्यावर.

इथूनच धर्मविचाराची अडचण सुरू होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने माणसाला कर्माचा अधिकार दिला आणि फळावरचा काढून घेतला. भागधारकाची स्थिती नेमकी उलटी आहे. त्याला फळावर कायद्याने हक्क आहे. कर्मात मात्र त्याचा हात नाही. खत कोण घालतो, प्रयोगशाळेत कंदाचे तुकडे कोण करतो, उधारीची वसुली कोण बघतो, यातले काहीच तो करत नाही. खानदेशात ही अडचण दुरून आलेली वाटू नये. विनोबांनी गीतेवरची प्रवचने दिली ती १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. फळ सोडणे म्हणजे फळ फेकून देणे नव्हे; फळाच्या चिंतेने काम बिघडू न देणे, हा कर्मयोगाचा गाभा. पण ज्याच्याकडे कामच नाही त्याने कशाची चिंता सोडायची?

या प्रश्नाला ‘शेअर म्हणजे जुगार’ हे सरधोपट उत्तर अनेक घरांत दिले जाते. ते अपुरे आहे. जुगारात एकाच्या पैशातून दुसऱ्याचा खिसा भरतो, जगात नवे काही उगवत नाही. कंपनीने भांडवल उभे केले तर त्यातून हरितगृह उभे राहते, पाइपचा कारखाना चालतो. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. बाजारात हातोहात फिरणारा शेअर विकत घेताना पैसे कंपनीकडे जात नाहीत, आधीच्या भागधारकाकडे जातात. सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्याचा रोपाशी संबंध नावापुरताही राहत नाही. तेव्हा शेअर जुगार आहे की नाही, हे शेअरवरून ठरत नाही. घेणारा त्याच्याशी कसा वागतो त्यावरून ठरते.

अधिक नेमके उत्तर जैन आचारशास्त्रात मिळते, आणि जळगावच्या संदर्भात ते जवळचेही आहे. या शास्त्रानुसार कर्म तीन वाटांनी लागते: स्वतः केल्याने, दुसऱ्याकडून करवल्याने आणि दुसऱ्याने केलेल्याला अनुमोदन दिल्याने. या तराजूत भागधारक अकर्ता उरत नाही. नव्या भागविक्रीत पैसे देणारा ‘करवतो’. बाजारातून शेअर घेऊन तो धरून ठेवणारा ‘अनुमोदतो’. त्या पैशाने पाण्याची बचत झाली तर तिचा वाटा त्याच्याकडे येतो, आणि त्याच पैशाने कोणाचे देणे थकले असेल तर त्याचाही. हात मातीत नव्हते म्हणून ते स्वच्छ आहेत, असे म्हणण्याची सोय हे शास्त्र देत नाही. गीतेने उभी केलेली अडचण इथे सुटते: भागधारकाला कर्म आहे, फक्त ते निवडण्याचे, लक्ष ठेवण्याचे आणि संमती देण्याचे किंवा काढून घेण्याचे आहे.

याच परंपरेतले गृहस्थाचे पाचवे अणुव्रत परिग्रहाच्या मर्यादेचे आहे. किती पुरे, हे मिळवण्याआधी ठरवायचे. शेअरच्या बाबतीत ही मर्यादा पैशाला लावणे तुलनेने सोपे. ती इच्छेला लावणे कठीण, कारण इच्छा भावाबरोबर वाढते. मराठीतला ‘भागधारक’ शब्द इथे काही सुचवतो. भाग, भाग्य आणि भक्ती हे तिन्ही शब्द ‘भज्’ या एकाच धातूचे, आणि त्याचा मूळ अर्थ वाटणे, वाट्याला येणे. वाटा घेता घेता माणूस भाग्याच्या भरवशावर कधी जातो आणि कंपनीचा भक्त कधी होतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

ही भक्ती किती महाग पडते ते जैन इरिगेशनच्या भागधारकांनी पाहिले. कंपनीवर कर्ज मोठे होते, आणि सूक्ष्म सिंचनाच्या सरकारी अनुदानाचे पैसे हाती यायला वेळ लागत होता. २०१९ मध्ये परतफेड अडली, पतमानांकन कोसळले. २०१८च्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या वर असलेला शेअर २०२०च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या पडझडीत, एकअंकी भावावर आला. अशा काळात छोट्या गुंतवणूकदाराच्या तोंडी दोन शब्द असतात: ‘अडकलो’ आणि ‘ॲव्हरेज करतो’, म्हणजे पडत्या भावात आणखी शेअर घेऊन खरेदीची सरासरी उतरवतो. दुसरा शब्द पहिल्याची भीती झाकतो. कर्जाची फेररचना २०२२ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये कंपनीचा परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन झाला. भाव त्या तळातून वर आला, तरी आधीची उंची गाठायला तेवढे पुरेसे नव्हते.

या काळात मळ्यातल्या रोपावर काय परिणाम झाला? केळीचे रोप लावल्यापासून घड कापेपर्यंत साधारण वर्ष लागते, आणि ते वर्ष भावाच्या तक्त्यावर अवलंबून नसते. भाव क्षणाक्षणाला हलतो, रोप आपल्या गतीने वाढते. दर पाच मिनिटांनी मोबाइल बघणारा माणूस ज्या गोष्टीकडे बघतो ती रोप नसते, इतर माणसांचे भय आणि लोभ असतात. आसक्ती शब्दाचा याहून स्पष्ट नमुना शोधायला दूर जावे लागत नाही.

धीराचे दुसरे उदाहरण जिल्ह्यातच आहे. अमळनेरला १९४५च्या डिसेंबरात एम. एच. प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी स्थापली. तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर गावातल्या अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या न विकता ठेवले आणि त्यातून मोठी संपत्ती झाली. याच अमळनेरात प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि साने गुरुजींनी तिथे काही काळ अध्ययन केले. या दोन्ही संस्था एकाच गावच्या म्हणून दोन्हींचा धडा एक मानण्याचा मोह होतो: थांबणाऱ्याला फळ मिळते. तो मोह टाळायला हवा. तितक्याच निष्ठेने दुसऱ्या कंपन्यांचे कागद जपणाऱ्यांच्या हाती रद्दी आली. १९९०च्या दशकात सागवानाच्या लागवडीत पैसे गुंतवा म्हणून देशभर जाहिराती झाल्या; झाड दिसत होते, वाढत होते, तरी हजारो लोकांचे पैसे गेले आणि सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. थांबणे हा गुण असेल तर तो नफ्याने सिद्ध होत नाही आणि तोट्याने खोटा ठरत नाही. डोळे मिटून थांबणे मात्र गुण नाही.

म्हणून छोट्या भागधारकाचे कर्म कोणते, हा प्रश्न शेवटी फार व्यवहारी होतो. वार्षिक अहवाल वाचणे, कर्ज आणि येणी यांचे आकडे बघणे, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणे, मत देणे. हे वाट्याला आलेले काम टाकून फक्त फळावर हक्क सांगणारा भागधारक गीतेच्या आणि जैन विचाराच्याही कसोटीला उतरत नाही. महात्मा गांधींची विश्वस्तपणाची कल्पना सहसा मोठ्या उद्योगपतींना लावली जाते; गांधी तीर्थ हे संग्रहालय जळगावच्या ज्या जैन हिल्सवर आहे, तिथे ती लहान भागधारकालाही लावून पाहावी. ज्याच्याकडे वाटा आहे त्याच्याकडे त्या प्रमाणात विश्वस्ताची जबाबदारी आहे. ती पार पाडण्याची साधने किती आखडता येतात याचेही उदाहरण इथलेच: २०११ मध्ये जैन इरिगेशनने बोनस म्हणून दिलेल्या वेगळ्या मताधिकाराच्या शेअरला साध्या शेअरच्या एकदशांश मत आहे.

तरीही कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १५१नुसार ज्याच्या शेअरची एकूण दर्शनी किंमत २०,००० रुपयांपर्यंत आहे तो लहान भागधारक, आणि असे किमान एक हजार जण किंवा त्यांच्या एकूण संख्येचा दहावा हिस्सा, यांतली जी संख्या कमी असेल तेवढ्यांनी मागणी केली, तर शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत त्यांना आपला एक संचालक निवडता येतो. दोन रुपये दर्शनी किमतीच्या शेअरला ही मर्यादा दहा हजार शेअरपर्यंत जाते.