ओळख आणि आपुलकी

उपासना संपली म्हणजे मंदिराच्या दारात आपण एकमेकांचा हात हाती घेतो, "बरं आहे ना?" असे विचारतो आणि उत्तर पुरे होण्याआधीच पुढच्या माणसाकडे वळतो. अशाने ओळखी पुष्कळ होतात. पण माणसे जोडली जातात काय?

माणसे जोडायला जिभेवर साखर हवी, असा सर्वसाधारण समज आहे. पण गोड बोलणारा मनुष्य पुष्कळदा केवळ देतच असतो : उपदेश देतो, धीर देतो, मदत देतो. समोरच्याच्या वाट्याला उरतात ते फक्त आभार. अशा नात्यात बरोबरी येत नाही, आणि बरोबरीवाचून आपुलकी नाही.

आमच्या ग्वाल्हेरचेच उदाहरण घ्या. गायक शंकरराव पंडित हे महाराष्ट्रीय ब्राह्मण; त्यांचे गुरू निसार हुसेन खाँ मुसलमान. तो काळ सोवळ्याओवळ्याचा. तरीही खाँसाहेब पंडितांच्या घरी राहिले. शंकररावांचे पुत्र कृष्णराव यांनाही त्यांची तालीम मिळाली. पुढे १९१४ साली कृष्णरावांनी येथे शंकर गांधर्व विद्यालय स्थापिले. हे नाते गोड शब्दांवर उभे नव्हते. शिष्याने विद्या मागितली, गुरूने शिष्याच्या घरचा आसरा घेतला. दोघेही देणारे, दोघेही घेणारे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात याकोबाच्या विहिरीवर हेच दिसते. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. प्रभूने त्या शोमरोनी स्त्रीशी बोलण्याचा आरंभ उपदेशाने केला नाही. तिच्याजवळ पाणी मागितले. मागणाऱ्यापुढे तिला लहान व्हावे लागले नाही, म्हणून ती मोकळेपणाने प्रश्न विचारू लागली.

मागणे हीदेखील एक युक्ती होऊ शकते, हे मात्र विसरू नये. खोटी गरज लहान मूलसुद्धा ओळखते. म्हणून आपल्याला खरोखर येत नाही तेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

शब्बाथ शाळेत कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या मुलाकडून वचन पाठ म्हणवून घेण्याआधी, सायकलची उतरलेली साखळी कशी चढवावी हे शिक्षकाने त्याच्याकडून शिकून घ्यावे. मंडळीत नव्याने आलेल्या कुटुंबाला चहाला बोलावणे चांगलेच आहे. पण त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या कपातला चहा घेऊन, त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत बसणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.