फणी कुणी कोरली?

भामरागडजवळ पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. अलीकडे गडचिरोली, पलीकडे बस्तर. माडियांची गावं दोन्ही काठांना आहेत. पलीकडच्या माडियांमधल्या एका मोठ्या गटाला पुस्तकांत जे नाव मिळालं, ते नाचाच्या वेळी पुरुष डोक्यावर चढवतात त्या मुकुटावरून. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे बस्तर संस्थानात प्रशासक होते. 1938 साली निघालेल्या ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ या ग्रंथात डोंगरातल्या माडियांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून त्यांनी या गटाला ‘बायसन-हॉर्न मारिया’ म्हटलं. गव्याची दोन शिंगं, पिसांचा तुरा, चेहऱ्यावर ओघळणाऱ्या कवड्यांच्या माळा. सणासुदीला डोक्यावर चढणारी ही वस्तू साऱ्या गटाची वर्षभराची ओळख होऊन बसली. गोंड स्वतःला कोयतोर म्हणतात, ते मात्र मागे पडलं.

दागिना पाहून जमात ओळखायची, ही सवय तेव्हापासून आजपर्यंत सुटलेली नाही. पुण्या-मुंबईची एखादी तरुणी ऑक्सिडाइज्ड झुमके घालते तेव्हा ती तिची आवड असते. गडचिरोलीतल्या एटापल्लीची तरुणी मण्यांच्या सात माळा घालते तेव्हा ती ‘आदिवासी संस्कृती’ होते. दोघी एकच गोष्ट करत असताना एकीला निवड मिळते आणि दुसरीला परंपरा. हा भेद खोटा आहे, आणि तो खोडून काढायला जंगलातली साधी फणी पुरेशी आहे.

मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी 1947 साली ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ प्रसिद्ध केलं. बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलात, म्हणजे तरुण-तरुणींच्या युवागृहात, तरुण आपल्या मैत्रिणीसाठी फणी कोरून देत आणि मैत्रीण ती केसांत खोवून मिरवत असे, हे त्यांनी तपशिलाने नोंदवलं आहे. फणी केस विंचरायची, तशीच सजायची आणि सांगायचीही. कुणी दिली, किती मन लावून कोरली, हे गावाला बघताक्षणी कळे. नक्षीची धाटणी समाजाची असली तरी प्रत्येक फणीत कोरणाऱ्याचा हात वेगळा आणि ती खोवणारीची तऱ्हाही वेगळी. गडचिरोलीच्या माडिया स्त्रियांच्या अंबाड्यातही फण्या दिसतात. मात्र इथला गोटुल आणि मुरियांचा घोटुल यांच्या चालीरीती सारख्या नाहीत. तो फरक पुसून सगळ्याला एकाच रंगात रंगवणं म्हणजे ग्रिगसनचीच चूक नव्याने करणं होईल.

मण्यांचं तर विचारूच नका. माडिया बाईच्या गळ्यातले काचमणी जंगलात उगवत नाहीत, ते आठवडी बाजारातून येतात. गिलटचे दागिने, आरसे, रिबिनी, प्लास्टिकच्या क्लिपाही तिथूनच येतात. या माळांचं मोल धाग्यात ओवण्यात आहे: कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग, किती पदर, कोणता पदर गळ्यालगत आणि कोणता छातीवर. इंग्रज राजाची मुद्रा असलेला रुपया गळ्यातल्या माळेत गेला की तो राजाचाही राहत नाही. म्हणून आजच्या मुलीने पितळी कड्याशेजारी प्लास्टिकची क्लिप लावली तर हळहळण्याचं कारण नाही. तिच्या आजीने तरी वेगळं काय केलं होतं? बाजारात आलेलं नवं उचललं आणि आपल्या रीतीने बसवलं.

बाहेरून आलेल्यांनी या बायांचं वर्णन करताना दीर्घकाळ एकच शब्द वापरला: अर्धनग्न. अंगावर कापड किती, यापाशीच नजर अडली. माळा ओवायला गेलेले दिवस आणि गोंदताना सोसलेल्या सुया तिला दिसल्या नाहीत. दागिना मोडतो, गहाण पडतो. गोंदण मेल्यावरही सोबत येतं, अशी गोंडांमध्ये श्रद्धा आहे.

आता मंचाची तऱ्हा पाहावी. 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाला किंवा सरकारी महोत्सवात रेला नाचणारी पथकं एका रंगाच्या साड्या, एकसारखे डोईपट्टे आणि एकसारख्या माळा घालून येतात. लांबून शोभा येते, पण पंधरा जणींतली एकही वेगळी दिसत नाही. आदिवासीपण दाखवण्यासाठी त्यांची आपापली मांडणी आधी काढून घेतली जाते, हे खटकायलाच हवं. सारखेपणा नेहमीच वाईट असतो असंही नाही. मोर्चात खांद्यावर पिवळा दुपट्टा टाकणारा तरुण गोंडवानाशी नातं जाहीर करतो, आणि हजारोंनी तोच दुपट्टा घेण्यातच त्याचं बळ आहे. पण तो त्याने स्वतः उचललेला असतो.

फणीचा कच्चा माल बांबू, आणि बांबूचा इतिहास गडचिरोली-चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत सोपा नाही. इथला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला आणि गावाला आपल्या शिवारातल्या बांबूसाठी वनखात्याच्या परवानगीकडे बघावं लागलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला. तरी लेखा-मेंढा या धानोरा तालुक्यातल्या गावाला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला.

आज त्याच बांबूच्या राख्या आणि कानातली चंद्रपुरात तयार होतात. मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बायांच्या हाताला काम मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. पण फणी कोरणाऱ्याला ती कुणाच्या केसांत जाणार हे माहीत होतं. कानातलं करणारीला ते माहीत नसतं, आणि नमुनाही बहुधा तिचा नसतो. एवढं तरी बदलता येईल. भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत ज्या म्हाताऱ्यांच्या बोटांत अजून फणीची नक्षी आहे, त्यांना शिकवायला बोलवावं आणि मास्तरांइतकं मानधन द्यावं. शिकणारीने त्या नक्षीत स्वतःची भर घालावी, आणि विकायला ठेवलेल्या जोडावर तिचं आणि तिच्या गावाचं नाव लिहावं.