आवडीनिवडी, चर्या आणि कल्याणमित्र

माणसाच्या लहानसहान आवडीनिवडींवरून त्याचा स्वभाव ओळखता येतो का, आणि येत असेल तर तो ओळखण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा की त्याच्या मित्राचा, हा प्रश्न वरवर पाहता मोकळ्या वेळच्या गप्पांतला वाटतो. पण भारतीय साधनापरंपरेने तो फार गांभीर्याने हाताळलेला आहे. मित्रमंडळी एकत्र बसली की गोड आवडते की आंबट, टापटीप लागते की पसारा चालतो, एकांत हवा की माणसे हवीत, अशी तुलना सहज सुरू होते आणि तिच्या अखेरीस प्रत्येकाला स्वतःविषयी काहीतरी कळल्याचे समाधान मिळते. या समाधानाची पारख करायची असेल, तर इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषाचार्यांनी रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाइतका उपयोगी सोबती क्वचितच मिळेल. मराठी वाचकाला हा ग्रंथ परका नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी त्याच्या संपादनासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली, हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले हार्वर्ड विद्यापीठाच्या आवृत्तीचे काम पुढे नेले, आणि त्यातील ध्यानविषयक विचार ‘समाधिमार्ग’ या पुस्तकातून मराठीत आणला.

स्वभावभेदांची चर्चा या ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात येते, आणि ती कोणत्या प्रसंगाने येते हे आधी ध्यानात घ्यायला हवे. चित्त एकाग्र करू पाहणाऱ्याने प्रथम आपल्यामागचे व्याप दूर सारावेत, मग कल्याणमित्राकडे, म्हणजे ज्याच्या सहवासाने आपले हित होते अशा अनुभवी स्नेह्याकडे जावे, आणि चाळीस कर्मस्थानांपैकी, म्हणजे ध्यानाच्या चाळीस विषयांपैकी, स्वतःला मानवणारे एक त्याच्याकडून घ्यावे, असा तेथील क्रम आहे. कोणाला काय मानवेल हे ठरवण्यासाठी त्या मित्राला साधकाची चर्या, म्हणजे त्याच्या वृत्तीची नेहमीची वाट, ठाऊक असावी लागते. अशा चर्या सहा सांगितल्या आहेत: राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. राग म्हणजे सुखद वस्तूकडे ओढले जाणे, द्वेष म्हणजे अप्रिय वस्तूला दूर लोटणे, मोह म्हणजे वस्तू समोर असूनही तिचे स्वरूप न उमगणे, आणि वितर्क म्हणजे एका विचारावरून दुसऱ्यावर सतत उड्या मारणे. ज्याच्या ठिकाणी यांपैकी जे प्रबळ, त्यावरून त्याला रागचरित, द्वेषचरित अशी संज्ञा मिळते. तात्पर्य, स्वभाव ओळखण्याची ही सारी खटपट ध्यानाचा योग्य विषय निवडण्यापुरती आहे. निव्वळ ओळखण्यासाठी ओळखणे ग्रंथकाराच्या मनातही नाही.

ओळखण्याच्या खुणा मात्र त्याने विलक्षण बारकाईने टिपल्या आहेत. रागचरित माणूस संथपणे, डौलाने चालतो आणि त्याच्या पाऊलखुणेचा मधला भाग जमिनीला टेकत नाही. द्वेषचरित पायाच्या पुढच्या टोकाने जमीन उकरल्यासारखा चालतो. मोहचरिताचे पाऊल घुटमळते. अंगण झाडताना पहिला केरसुणी नीट धरून, घाई न करता, वाळू न उधळता झाडतो. दुसरा ती घट्ट आवळून खरखर आवाज करीत दोन्ही बाजूंना वाळू उडवतो. तिसऱ्याच्या सैल हातून केर आणि वाळू एकमेकांत मिसळून जातात. जेवणात पहिल्याला स्निग्ध आणि गोड पदार्थ प्रिय, तो बेताचा गोल घास करून रस घेत सावकाश जेवतो. दुसऱ्याला रूक्ष आणि आंबट पदार्थ आवडतात, तो तोंड भरून घाईने जेवतो आणि मनासारखे न मिळाल्यास चिडतो. तिसऱ्याची आवड ठरलेलीच नसते, त्याचे अन्न भांड्यात सांडते, तोंडाला माखते आणि चित्त भलतीकडेच असते. अंथरूण कसे घातले, झोपेत हातपाय कसे पडले आणि अवेळी उठवल्यावर उत्तर कोणत्या स्वरात आले, इथपर्यंत हे निरीक्षण जाते.

या यादीकडे लक्षपूर्वक पाहिल्यास एक गोष्ट जाणवते, जी ग्रंथकाराने स्वतंत्रपणे सांगितलेली नाही. हिच्यातील बहुतेक खुणा ज्याच्या त्याला दिसण्याजोग्या नाहीत. झोपेतला स्वतःचा देह कोणी पाहिलेला नसतो, आणि आपण घास कसा करतो हे सांगताना माणूस अडखळतो. या गोष्टी दिसतात त्या शेजारी झोपणाऱ्याला, एका पंक्तीत बसणाऱ्याला, त्याच अंगणात दुसऱ्या टोकाने झाडणाऱ्याला. आवडीनिवडी तेवढ्या तोंडाने सांगता येतात, आणि म्हणूनच स्वभावाच्या गप्पांत त्यांना नको इतके महत्त्व येते. विसुद्धिमग्गात आवड ही अनेक खुणांपैकी एक खूण आहे, आणि तिचेही वजन ती सांगितली गेल्याने येत नाही, ती वागण्यात दिसल्याने येते.

यापुढचा विचार या प्रकरणाचा गाभा म्हणावा लागेल. सहा चर्यांच्या बुद्धघोष जोड्या लावतो: रागाला समांतर श्रद्धा, द्वेषाला समांतर बुद्धी, मोहाला समांतर वितर्क. राग विषयांना चिकटतो आणि अहितकारक गोष्ट सोडत नाही. श्रद्धा शीलादी गुणांना चिकटते आणि हितकारक गोष्ट सोडत नाही. चिकटण्याची शक्ती दोहोंत सारखीच. द्वेष दोष शोधतो, नसलेलेही शोधतो. बुद्धीही दोष शोधते, पण असलेलेच. द्वेषाचा रोख माणसांवर असतो, तर बुद्धीचा संस्कारांवर, म्हणजे कारणांनी घडलेल्या आणि म्हणूनच मोडणाऱ्या सर्व गोष्टींवर. अस्थिरतेच्या बाबतीत मोह आणि वितर्क यांचेही असेच नाते आहे. ज्या स्वभावाला मित्रमंडळी खाष्ट किंवा खोडकाढू म्हणून नावे ठेवतात, त्यातच प्रज्ञेचे बळ दडलेले असू शकते, आणि ज्याला हावरट म्हणतात त्याची ओढ दिशा बदलताच भक्ती होऊ शकते, ही दृष्टी केवळ उदार नाही, ती व्यवहारात खरी ठरणारी आहे. स्वभावाचे नाव एकदा पक्के केले की माणूस त्यात कोंडला जातो. इथे मात्र एकाच वृत्तीला दोन तोंडे आहेत, आणि कोणते उघडेल हे साधनेवर व सोबतीवर अवलंबून आहे.

स्वभाव ओळखल्यावर करायचे काय, याचे उत्तर आजच्या समजुतीला धक्का देणारे आहे. आवड कळली की ती पुरवावी, असे आज सर्वत्र गृहीत धरले जाते. विसुद्धिमग्ग रागचरिताला जीर्ण, वटवाघळांनी भरलेले, मळकट निवासस्थान आणि दिसायला ओंगळ अन्न सुचवतो, कारण त्याची ओढ सुंदरतेवर पोसली जाते. द्वेषचरिताला मात्र स्वच्छ, सजवलेले, सुगंधी निवासस्थान आणि रंग, वास, चव यांनी परिपूर्ण अन्न द्यावे असे सांगतो, कारण त्याच्या चिडीला खाद्य मिळता कामा नये. मोहचरिताला मोकळ्या दिशांची, कोंदट नसलेली जागा हवी. ध्यानविषयांची वाटणीही अशीच: रागचरिताला शरीराच्या अशुभतेचे चिंतन, द्वेषचरिताला मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे, मोहचरित आणि वितर्कचरित यांना श्वासोच्छ्वासाच्या स्मृतीचे. यात निव्वळ आवडीच्या उलट वागण्याचा हट्ट नाही, कारण एकाला रुचणारे नाकारले जाते तर दुसऱ्याला रुचेल असेच दिले जाते. निकष एवढाच की चित्त कशाने शांत होईल.

आयुर्वेदाची प्रकृतिपरीक्षा या विचाराच्या जवळची आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वातल, पित्तल आणि श्लेष्मल माणसांची लक्षणे येतात; वातल माणसाला एखादी गोष्ट पटकन आवडते आणि तितक्याच पटकन नावडती होते, हे तेथील निरीक्षण कोणालाही पटावे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस माणसांना प्रिय असणारे आहार सांगितले आहेत, आणि समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तिन्ही गुणांची लक्षणे विस्ताराने दिली आहेत. पण त्रिगुणांची मांडणी उतरंडीची आहे: सत्त्व वर, तम खाली. अशी मांडणी मित्रांच्या हाती पडली की तुलनेचे रूपांतर वर्चस्वात व्हायला वेळ लागत नाही, आणि कांदा खाणाऱ्याला तामस ठरवून मोकळे होण्याइतका तिचा संकोच आपल्या समाजाने पुष्कळदा केलाही आहे. गीतेतच तिसऱ्या अध्यायात राग आणि द्वेष प्रत्येक इंद्रियाच्या विषयात ठाण मांडून बसलेले असतात, त्यांच्या अधीन होऊ नये, असे सांगितले आहे. ही सूचना सात्त्विक आहार आवडणाऱ्यालाही तितकीच लागू पडते.

मित्रांमधील तुलनेच्या दृष्टीने मोहचरिताचे एक लक्षण विशेष विचार करण्यासारखे आहे. एखादी वस्तू पाहून दुसरे तिची निंदा करीत असतील तर तो निंदा करतो, स्तुती करीत असतील तर स्तुती करतो. स्वतः त्याला काहीच वाटत नसते, आणि ही त्याची तटस्थता अज्ञानातून आलेली असते. हे लक्षण एका गटापुरते मर्यादित आहे असे मानणे कठीण आहे. पाच मित्र आपापल्या आवडी सांगू लागले की तिसऱ्याची आवड पहिल्या दोघांच्या शब्दांत सांगितली जाते, पाचव्याला आधीच्या चौघांहून वेगळे काही सांगण्याची गरज भासते, आणि आपण आधीपासून असलेलेच शोधून काढले असे मात्र सर्वांना वाटते. आवड त्या क्षणी घडत असते. जिला माणूस स्वतःची सर्वांत खासगी खूण समजतो, ती घडवण्यात सोबतीचा एवढा वाटा असेल, तर सोबत निवडणे हे आवड निवडण्याच्या आधीचे काम ठरते.

बुद्धघोषाची प्रामाणिकता याच संदर्भात उठून दिसते. एवढ्या तपशिलाने लक्षणे दिल्यावर तो सांगतो की ही पद्धत मूळ बुद्धवचनात आलेली नाही आणि प्राचीन अट्ठकथांत, म्हणजे त्यावरील टीकाग्रंथांतही नाही. ती केवळ आचार्यांच्या मताला धरून दिली आहे, म्हणून तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. कारणेही तो देतो: द्वेषचरित माणूस दक्ष असेल तर त्याचे चालणे-बसणे रागचरितासारखे असू शकते, आणि मिश्र चर्येच्या माणसात लक्षणे वेगवेगळी दिसतच नाहीत. अट्ठकथेने दिलेला मार्ग याहून साधा आहे. दुसऱ्याचे चित्त जाणण्याची सिद्धी असलेल्या आचार्याने चर्या जाणून कर्मस्थान द्यावे, इतरांनी शिष्याला विचारावे. सिद्धी नसलेल्यांसाठी म्हणून संवाद उरतो, आणि खुणांचे सारे शास्त्र त्या संवादापुढे दुय्यम होते.

आधुनिक काळात कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या विचाराच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी सोळा प्रकारांची प्रश्नावली तयार केली, जिची चार अक्षरी उत्तरे आज तरुण मित्रमंडळींत एकमेकांना सांगितली जातात. तिच्यातील उत्तरे माणूस स्वतःविषयी स्वतःच देतो, आणि इथेच तिची मर्यादा आहे. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्वचाचणी घेऊन, तिचा निष्कर्ष म्हणून सर्वांच्या हाती एकच वर्णन दिले. ते आपल्याला किती लागू पडते यासाठी विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी पाचपैकी सव्वाचारच्या वर गेली. स्वतःचे म्हणून समोर आलेले वर्णन मन किती आतुरतेने स्वीकारते, हे यातून दिसते. कल्याणमित्राच्या पारंपरिक गुणांत तो प्रिय असावा, आदरणीय असावा, यांबरोबरच तो बोलणारा असावा आणि दुसऱ्याचे बोल सहन करणारा असावा, हेही येते. अशा मित्राने सांगितलेले वर्णन पुष्कळदा आवडत नाही, आणि त्याच्या उपयुक्ततेचा उगम तिथेच असतो.

चर्यांची चर्चा संपवताना बुद्धघोष आपल्याच वर्गीकरणाची धार कमी करतो. ही वाटणी थेट विरोध आणि पूर्ण अनुकूलता लक्षात घेऊन केली आहे. एरवी रागादींना न दाबणारी आणि श्रद्धादींना उपकारक न होणारी अशी एकही कुशल भावना, म्हणजे ध्यानाची चांगली साधना, नाही, असे म्हणून तो मेघियसुत्ताचा आधार घेतो. त्या सुत्तातला मेघिय हा बुद्धाचा सेवक भिक्षू. चालिका येथे असताना किमिकाळा नदीच्या काठची आमराई त्याच्या नजरेस पडली, ती त्याला फार आवडली, आणि ध्यानाला हीच जागा योग्य असे त्याने ठरवले. आपण दोघेच आहोत, दुसरा भिक्षू येईपर्यंत थांब, असे बुद्धाने सांगूनही त्याने तिसऱ्यांदा परवानगी मागितली आणि तो गेला. आवडीच्या त्या जागी कामाचे, व्यापादाचे म्हणजे द्वेषबुद्धीचे, आणि हिंसेचे विचार त्याला ग्रासू लागले. परतल्यावर त्याला दोष न देता बुद्धाने अपक्व चित्त पक्व करणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या, त्यांत पहिली कल्याणमित्राची होती. मग चार भावना सांगितल्या: रागासाठी अशुभाची, द्वेषासाठी मैत्रीची, वितर्क तोडण्यासाठी श्वासोच्छ्वासाच्या स्मृतीची, आणि ‘मी आहे’ हा अभिमान उपटून काढण्यासाठी अनित्यतेच्या जाणिवेची. या चारही भावना त्याने एकट्या मेघियाला सांगितल्या. मेघियाची चर्या कोणती हे सुत्तात कुठेही विचारलेले नाही.