दोन दीनार आणि उतारशाळेचा रक्षक



गेल्या पावसाळ्यात एका रात्री आपल्या धर्मग्रामातील एका आजींना रुग्णाभ्यंग देण्यासाठी मी सरकारी रुग्णालयात गेलो होतो. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. आजींच्या पाठीला जखम झाली होती, एकाच कुशीवर पडून राहिले की होते ती. मुलगा संतापलेला. "फादर, सिस्टर दुपारपासून फिरकली नाही. यांना पगार कशाचा मिळतो?" संस्कार आटोपून निघताना मी सहज खाटा मोजल्या. अडतीस. शिवाय जमिनीवर गाद्या टाकून पाच जण. सिस्टर एक. ती कोपऱ्यात एका मुलाला सलाईन लावत होती. मला पाहून म्हणाली, "फादर, रात्रपाळीला दुसरी सिस्टर मिळावी म्हणून प्रार्थना करा." ती थट्टा होती की विनंती, हे मला अजून कळलेले नाही.

(आपल्या लोकांचा 'सिस्टर' या शब्दाने नेहमी गोंधळ होतो. परिचारिकांना हे नाव मुळात रुग्णसेवा करणाऱ्या व्रतस्थ भगिनींवरूनच मिळाले. त्यामुळे की काय, सिस्टर म्हटली की तिने थकू नये, रागावू नये आणि पगाराचे बोलू नये, अशी आपली समजूत झाली आहे.)

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्यावर प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू बहुधा गाढवापाशी थांबतो. त्याने जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, आमेन. पण प्रभू येशूने गोष्ट तिथे संपवलेली नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोनी पुढे निघाला. रात्रंदिवस शुश्रूषा कोणी करायची होती? उतारशाळेच्या रक्षकाने. त्याला शोमरोन्याने दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना भरून देण्याचा शब्द दिला. एक दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. त्याने रक्षकाला सेवेचे पुण्य समजावून सांगितले नाही, पैसे मोजले. दया खरी असेल तर ती दुसऱ्याच्या श्रमाचाही हिशेब करते.

हिशेबच करायचा तर त्या वॉर्डचा करू. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. असे दहा रुग्ण धरा. चादर सारखी करून, अंग पुसून प्रत्येकी दहा मिनिटे लागली, तर एकशेवीस मिनिटांतली शंभर त्यातच जातात. उरलेल्या वीस मिनिटांत त्रेचाळीस जणांची इंजेक्शने, ताप, रक्तदाब, नोंदवही आणि नातेवाइकांची बोलणी. आजींच्या पाठीची जखम मला त्या गणितात दिसली.

केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग यांची हकिकत आपण ऐकली असेल. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईत त्याच रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना एकदाही शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. हे उदाहरण मी पूर्वी प्रवचनात "मनात असले की होते" अशा अर्थाने दिले होते. आता ते मागे घेतो. प्रेम तर होतेच, पण प्रेमाला हात लागतात, आणि त्या खाटेपाशी ते हात दररोज पोहोचत होते.

हात कमी पडतात तेव्हा काय होते, ते मोजलेलेही आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. आणि आपल्याकडे? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके. खाटांपेक्षा रुग्ण जास्त होते आणि पदे रिकामी होती, हे तेव्हा उघड झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने मात्र अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. माणूस सापडला की आपला राग शांत होतो, रिकाम्या पदावर रागावणार कसे?

यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्तसभेतही ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ झाली, कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कोणाला दोषी ठरवले नाही आणि अधिक प्रेम करा असा उपदेशही केला नाही. त्यांनी सात माणसे नेमली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगितले: न्यायाने जे देणे लागते, ते दान म्हणून देऊ नये.

मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतातून होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध काम बंद ठेवले, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलो होतो. रुग्णांचे हाल झाले हे खरेच. पण आपल्या धर्मग्रामातल्या ज्या मुली नर्सिंग शिकतात, त्यांना अकरा महिन्यांच्या कागदावर नेमून आपण कोणत्या तोंडाने समर्पण मागणार?

आता दोन कामाच्या गोष्टी. आपल्या भागातील सरकारी रुग्णालयांत परिचारिकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी माझ्या नावाने करीत आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आल्यावर याच पत्रकात छापू, नाही आले तर तेही छापू.

दुसरे, येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्यातील एक निवृत्त परिचारिका अंथरुणावरील माणसाची कूस कशी बदलावी, हे घरच्यांना करून दाखवणार आहेत. रुग्णालयातले काम नातेवाइकांनी उचलावे म्हणून हे नाही, आजी आता घरी आल्या आहेत म्हणून. पुरुषांनीही यावे. कोणीतरी दोन जुन्या चादरी आणि एक उशी आणावी.

आपला,
फादर