अक्षर देणाऱ्याचा हक्क

ज्याने आपणांस वाचावयास शिकविले त्याचा आपल्या विचारांवर काही हक्क राहतो काय? मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहानशा देशाची हकिकत पाहिली म्हणजे हा प्रश्न किती खोल आहे हे आपल्या ध्यानात येईल.

जुलै १९७९ मध्ये तेथील सोमोसा घराण्याची हुकूमशाही कोसळली व सांदिनिस्ता क्रांतिकारकांच्या हाती सत्ता आली. त्या वेळी देशातील सुमारे निम्मी माणसे निरक्षर होती. २३ मार्च १९८० रोजी साक्षरतेची मोहीम सुरू झाली. तिचे प्रमुख फेर्नांदो कार्देनाल हे जेझुइट धर्मगुरू होते. सुमारे ६०,००० तरुण मुले-मुली पाच महिने खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी राहिली. दिवसा त्यांनी शेतात हात लावावा, रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवावे, असा क्रम होता. जुन्या राजवटीच्या सशस्त्र माणसांनी त्यांच्यापैकी काहींचे प्राणही घेतले. सरकारी गणतीप्रमाणे निरक्षरता १३ टक्क्यांवर आली, आणि युनेस्कोने या कार्याचा गौरव केला.

परंतु त्या प्राथमिक पुस्तकाच्या पहिल्याच पाठात सांदिनो व क्रांती यांचे गुणगान होते. हे शिक्षण की प्रचार, असे पुष्कळांनी विचारले. यावर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ज्या पुस्तकात गरिबाच्या हालअपेष्टांचा उल्लेखच नसतो, ते पुस्तकही त्याला काहीतरी शिकवीतच असते. ते त्याला गप्प बसावयास शिकविते. म्हणून शिक्षकाला स्वतःचे मत असावे यात आम्हांस वावगे दिसत नाही. दोष शिरतो तो शिकविल्याच्या मोबदल्यात निष्ठा मागितली म्हणजे.

पूर्व किनाऱ्यावरील मिस्किटो लोकांची भाषा स्पॅनिश नव्हे. त्यांना स्वतःच्या भाषेतून अक्षरे हवी होती, आणि १९८० च्या अखेरीस तसे वर्ग सुरूही झाले. शिकणाऱ्याचे ऐकून देणाऱ्याने आपला हात आवरावा, याचे हे चांगले उदाहरण होय.

पुढची हकिकत मात्र खेदाची आहे. कार्देनाल १९८४ ते १९९० शिक्षणमंत्री होते. नंतर ते पक्षापासून दूर झाले व २०१६ मध्ये वारले. १९८० च्या शासनमंडळातील दानिएल ओर्तेगा पुढे पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. २०१८ मध्ये विद्यार्थी त्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मानाग्वा येथील जेझुइटांचे विद्यापीठ सरकारने जप्त केले. ज्या पक्षाने आजोबांच्या हाती पाटी दिली, त्यालाच नातवाने फलकावर लिहिलेले वाचवेना!

तेव्हा आमच्या मते उत्तर असे: अक्षर हे कर्ज नव्हे, की ज्याची वसुली करावी. विद्यार्थी उद्या आपल्याच विरुद्ध लिहील, हे मनाशी मान्य करूनच शिक्षकाने त्याच्या हाती लेखणी द्यावी. एवढी तयारी नसेल, तर आपण शिक्षण देत आहो की अनुयायी गोळा करीत आहो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.