आतल्या बाजूचा चिखल

पावसाळ्यात अमडापूरच्या आसपास जीप, पिकअप किंवा बोलेरो चालवणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. संध्याकाळी गाडी वावरातून निघते, पांदणीतला गुडघाभर चिखल तुडवते आणि डांबरी रस्त्याला लागते. घर जवळ, वेग कमी. काही जाणवत नाही. सकाळी तीच गाडी चिखलीच्या किंवा खामगावच्या रस्त्याला लागते. पन्नासपर्यंत सगळं ठीक असतं. काटा साठच्या पुढे सरकला की स्टेअरिंग हातात थरथरू लागतं. सत्तरला दारं वाजतात. ऐंशीच्या जवळ गेलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप सैल होतो. काल सकाळपर्यंत तर गाडी धडधाकट होती! मग मनात एकेक शंका येऊ लागते. टायर गेला असेल. रिंग आऊट झाली असेल. क्रॉस गेला असेल, नाहीतर शाफ्टच वाकला असेल. एकीकडे कामावर पोहोचायची घाई, दुसरीकडे मिस्त्रीच्या बिलाची धास्ती. अशा सकाळी गाडीचं बहुतेक वेळा काहीच तुटलेलं नसतं. चाकाच्या आतल्या बाजूला कालचा चिखल बसलेला असतो, एवढंच.

आपली काळी माती साधी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला आणि थिजून त्याचा काळा खडक झाला. आपल्याच जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर याच खडकात आहे. हा खडक झिजत झिजत ही माती झाली. तिचे कण फार बारीक असतात. पाणी मिळालं की ती फुगते आणि चिकटते. ऊन लागलं की आकसते, भेगाळते, कडक होते. ती ओल धरून ठेवते म्हणून तर पाऊस गेल्यावरही वावरात हरभरा उभा राहतो. अशा मातीला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पांदण रस्त्यांसाठी शासनानं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. रस्ते होत जातील, पण वावराच्या तोंडाशी चिखल हा राहणारच. बाहेरून दिसणारा चिखल डांबरावर थोडं अंतर गेलं की झडतो. चाकाच्या भोकांतून आत शिरलेला मात्र रिंगच्या खोबणीत राहतो. गाडी रात्री दारात उभी असते. तो ओला चिखल हळूहळू ओघळतो, चाकाच्या खालच्या बाजूला जमतो आणि तिथेच वाळतो. सकाळी चाक एका बाजूनं जड झालेलं असतं. समजा हा गोळा शंभर ग्रॅमचा आहे. पंधरा इंची रिंगच्या कडेला तो बसलाय आणि गाडी ताशी ८० किलोमीटरनं चाललीय. चाक सेकंदाला साधारण दहा वेळा फिरतं, आणि एवढासा गोळा त्याला सुमारे ८ किलो वजनाच्या जोरानं बाहेर खेचत राहतो. ताशी ४० ला हाच जोर २ किलोचा असतो. २० ला अर्ध्याच किलोचा. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून तर पांदणीत ती कळत नाही आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी थरथरते. ट्रॅक्टर दिवसभर चिखलात राबतो, पण त्याचा वेगच कमी, त्यामुळे त्याच्या चाकाची तक्रार कुणी करत नाही. टायरच्या दुकानात बॅलन्सिंग करताना रिंगला पाच-दहा ग्रॅमचे तुकडे लावतात. तेवढ्यानं चाक शांत होतं. मग मूठभर चिखलानं ते बिथरलं तर नवल काय?

जाणता मिस्त्री अशी गाडी आली की लगेच पाना हातात घेत नाही. आधी विचारतो. किती वेगाला थरथरते? हातात जाणवते की बसायच्या जागेखाली? ब्रेक दाबला की, का एरवीही? काल गाडी कुठे नेली होती? थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर त्याची नजर पुढच्या चाकांकडे जाते. सीटखाली असेल तर मागच्या चाकांकडे किंवा शाफ्टकडे. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर ब्रेकच्या डिस्ककडे किंवा ड्रमकडे. गाडी जागेवर उभी असताना नुसती रेस दिली तरी होत असेल तर चाकांचा संबंधच नाही, इंजिनचं माउंटिंग पाहायचं. एवढं विचारून झालं की तो पाइप घेतो आणि चारही चाकं आतून धुतो. टायरच्या नक्षीत दगड अडकलाय का, बॅलन्सिंगचा तुकडा चिखलाबरोबर निघून गेलाय का, शाफ्टला तार किंवा वेल गुंडाळला गेलाय का, हे पाहतो. एवढ्यानं भागलं नाही तर पुढचं चाक मागे लावून बघतो. थरथर चाकाबरोबर मागे गेली तर दोष त्या चाकाचा. मग बॅलन्सिंगचं मशीन. शाफ्ट खोलायची वेळ अगदी शेवटी येते. मला या क्रमाचं फार मोल वाटतं. जे जवळ आहे, ज्याला पैसा लागत नाही, ज्यानं काही बिघडत नाही, ते आधी. बादलीभर पाण्यात जे सुटतं, त्यासाठी गाडी खोलायची नाही. आणि हेच काम संध्याकाळी, चिखल ओला असताना केलं, तर दहा मिनिटांचं आहे. चाकं थोडी गार होऊ द्यावीत आणि आतल्या बाजूला पाणी मारावं. निघताना हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून ओल घालवावी. सकाळपर्यंत ठेवलं की तोच चिखल खुरप्यानं खरवडावा लागतो.

माणसाचंही पुष्कळसं असंच असतं. दिवसभरात आपण कितीतरी रस्ते तुडवतो. बँकेच्या खिडकीवर कुणीतरी तोडून बोलतं. बाजार समितीत भाव ऐकून पोटात गोळा येतो. दवाखान्यात जवळच्या माणसाला भेटून येतो आणि त्याचा सुकलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. यात आपला दोष काही नसतो. कामाला, नात्याला जागणारा माणूस चिखलातून जातोच, आणि थोडा चिखल अंगाला घेऊन घरी येतो. घरी आल्यावर वेग मंदावतो. जेवण होतं, मोबाईल होतो, झोप लागते. काही जाणवत नाही. रात्रभरात ते सगळं एका बाजूला जमतं. सकाळी घाई सुरू होते. डबा, पाणी, मुलांची रिक्षा, आपली गाडी. तेवढ्यात कुणीतरी साधंच विचारतं, "किल्ली घेतली का?" आणि आपण भडकतो. समोरचा गप्प होतो. घरच्यांना वाटतं, यांचा स्वभावच तापट झालाय. आपल्यालाही वाटतं, आपल्यात पहिल्यासारखा दम राहिला नाही. खरं तर आत काहीच मोडलेलं नसतं. काल संध्याकाळी पाच मिनिटं धुवायची राहून गेलेली असतात. हातपाय धुऊन ओट्यावर बसावं. घरातल्या एकाला, कुणीही असो, सांगावं: "आज असं असं झालं. मला लागलं ते." उपाय मागायचा नाही. न्यायनिवाडाही नको. ऐकणाऱ्यानं "हो का? मग?" एवढं म्हटलं तरी खूप असतं. सांगायला कुणी नसेल तर वहीत दोन ओळी लिहाव्यात. टीव्ही लावून बसल्यानं बाहेरचा चिखल झडतो, आतला तसाच राहतो, म्हणून हे वेगळं करायचं. ओलं असताना दोन वाक्यांत निघतं. आठवडा गेला की त्यालाच तासभर लागतो. तरी निघतं, हेही खरं. आणि थरथर दुसऱ्याची असेल तर मिस्त्रीसारखं आधी विचारावं. "किती चिडचिडा झालाय पोरगा," हे म्हणायला सोपं आहे. पण तो कधी चिडतो? रोज, की फक्त गणिताचा तास असतो त्या सकाळी? आजोबा सगळ्यांवर ओरडतात, की हळू बोलणाऱ्यांवरच ओरडतात? मग प्रश्न रागाचा नसेल, कानाचा असेल. जेवणाला उशीर झाला त्याच दिवशी आई कातावते का? कोणत्या वेळी, कुणापाशी, कशानंतर, हे चार दिवस नुसतं पाहिलं तरी अर्धं उत्तर हाती येतं. दोष माणसाच्या स्वभावात आहे, हे अगदी शेवटी म्हणायचं. सुरुवात तिथून करू नये.

मात्र प्रत्येक थरथर चिखलाची नसते, आणि तशी नसलेली ओळखताही आली पाहिजे. चाक धुतल्यावर टायरच्या बाजूला फुगा आलेला दिसला किंवा चाकाचा एखादा नट सैल लागला, तर "आजचा दिवस काढू" म्हणायचं नाही. नट तिथेच आवळायचे. फुगलेला टायर काढून स्टेपनी लावायची आणि त्याच दिवशी दुकान गाठायचं. धुऊनही त्याच वेगाला तीच थरथर राहिली तर बॅलन्सिंग करून घ्यायचं. चालढकल केली की टायर ठिकठिकाणी कमी-जास्त झिजतो आणि स्टेअरिंगचे जॉइंट ढिले होतात. माणसाच्या बाबतीत तर आपण यापेक्षाही लवकर हलायला हवं. बोलून झालं, विश्रांती झाली, तरी दोन-दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं कुणी बोलून दाखवतं, तेव्हा त्याला डॉक्टरांकडे न्यावं. न्यावं म्हणजे सोबत जावं, नुसतं "दाखवून ये" म्हणू नये. तालुक्याला जाणं लगेच जमत नसेल तर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही फोनसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लावला तरी चालतो, आणि बोलणं मराठीत होतं.