बिलात नसलेली किमची

सोलच्या नामदेमुन बाजारात कालगुक्सूची एक गल्ली आहे. माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढी अरुंद. दोन्ही बाजूंना खाणावळी, पुढ्यात बाकं, आणि बाकांवर खांद्याला खांदा लावून जेवणारी माणसं. कालगुक्सू म्हणजे गव्हाच्या कणकेच्या, सुरीने कापलेल्या जाड शेवया, वाफाळत्या रश्शात.

वाढणाऱ्या बाईला गिऱ्हाईक हाक मारतं, “इमो!” इमो म्हणजे आईची बहीण, आपली मावशी. वाडग्याशेजारी किमचीची, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीची, ताटली येते. शिवाय बऱ्याच ठिकाणी वाटीभर नेंगम्यॉन, म्हणजे थंड, तिखट शेवयाही न मागता मिळतात. पैसे मात्र फक्त कालगुक्सूचे. किमची संपली तर मावशी पुन्हा वाढते. अशा वरच्या घासाला कोरियन भाषेत ‘दॉम’ म्हणतात. भाजीवाली पिशवीत वर टाकते त्या कोथिंबिरीसारखाच तो.

पैसे मोजून घेतलेल्या जेवणात दान असू शकतं का?

हिशेबी माणूस म्हणेल, किमचीचा खर्च शेवयांच्या किमतीत धरलेलाच असतो. ते खरंच आहे. 2010 च्या शरदात पावसाने पीक बुडालं आणि किमचीच्या कोबीचा एक गड्डा 10,000 वॉनच्या वर गेला. सोलच्या महापालिकेला कोबी सवलतीत विकावा लागला. फुकट वाढल्या जाणाऱ्या ताटलीमागे केवढा खर्च असतो, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

पण दानाची कसोटी खर्च कोणी सोसला ही नव्हे. कोरियातला सर्वांत मोठा बौद्ध संप्रदाय, जोग्ये, ज्या वज्रच्छेदिका सूत्राला आधारग्रंथ मानतो, त्यात दानाचा विचार वेगळाच आहे: देताना कशातही मन अडकू नये. दुसऱ्यांदा किमची वाढणारी मावशी कुठेही नोंद करत नाही. व्यवहार शेवयांपाशी संपतो. त्यापुढे मोजणं थांबतं. मोजणं थांबतं तिथे दान सुरू होऊ शकतं, मग ती जागा बाजारातली का असेना.

उरलेलं अर्धं काम घेणाऱ्याचं. कोरियन मठांतल्या बारूगोंग्यांग या जेवणात भिक्खू किमचीचा किंवा मुळ्याचा एक तुकडा शेवटपर्यंत राखून ठेवतात. त्याने वाडगी पुसतात, तुकडा खातात आणि धुतलेलं पाणी पिऊन टाकतात. बाजारात असा नेम कोणी घालून देत नाही. मात्र 2009 पासून कायद्याने ताटलीत उरलेलं पुन्हा वाढता येत नाही. एक तुकडा राहिला तरी तो कचऱ्यातच जातो.

म्हणून गल्लीत पंगतीसारखं दृश्य दिसतं. मावशी चिमटा पुढे करते, गिऱ्हाईक ताटलीवर हात आडवा धरतं. मग उरलेले दोन तुकडे संपवतं, वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा पितं आणि मागे उभ्या असलेल्यासाठी बाकावरून उठतं.